भोईरचे चार आकडे

उत्तरेकडच्या डोंगरी भागातल्या एका सिग्नल सेक्शनमध्ये माझं पोस्टिंग झालं, तेव्हा मी लान्स नाईक होतो. काम डिस्पॅच रायडरचं. जिथे रेडिओ पोचत नाही तिथे आदेश कागदावर, मोटरसायकलने न्यायचा. सेक्शनमध्ये ठाणे जिल्ह्यातले आम्ही दोघेच. मी डोंबिवलीचा, नाईक विलास भोईर कल्याणचा. त्याचे वडील खोपट डेपोत एसटी चालवत. इंजिनचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायची सवय भोईरला घरातूनच लागली होती.

सेक्शनचा एक नियम सुभेदार साहेब पहिल्याच दिवशी सांगत. "जिसने गिराई, वही उठाएगा." मदतीला कोणी यायचं नाही. आमची मोटरसायकल सामानासकट दोनशे किलोच्या वर भरे. लोकांना वाटतं अशी गाडी वेगात पडते. बहुतेक वेळा ती उभ्या उभ्याच पडते. पाय टेकवायला जावं आणि खाली खड्डा निघावा, एवढं कारण पुरतं.

दर शनिवारी ०६०० वाजता उचलण्याचा सराव असे. इंजिन बंद, पेट्रोलचा कॉक बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढायचा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे जाऊन पडते. मग गाडीकडे पाठ करायची. सीटच्या कडेला कंबर लावून खाली बसायचं, एक हात हँडलला, दुसरा सीटखालच्या लोखंडाला, आणि लहान पावलं मागे टाकत उठायचं. जोर मांड्यांचा, हात फक्त धरण्यापुरते. साहेब मोठ्याने आकडे मोजत. मला नऊ-दहा लागत. भोईर चारमध्ये गाडी उभी करी. वर मला म्हणे, "वाचनालय, पुस्तकं ठेव बाजूला, दोन चपात्या जास्त खा." माझ्या ट्रंकेत पुस्तकं असत, म्हणून हे नाव. ते सगळ्या सेक्शनने उचललं.

त्या सकाळी पावसाचा चौथा दिवस होता. पुढच्या पोस्टच्या वरच्या उताराला भेगा गेलेल्या गस्तीने पाहिल्या होत्या. पोस्टवर अकरा जण. टेलिफोनची लाइन तुटलेली, रेडिओवर ०७३० पासून उत्तर नाही. ०८१० वाजता आम्हाला आदेश मिळाला, पोस्ट ताबडतोब रिकामी करायची. कागदाच्या दोन प्रती, एक भोईरकडे, एक माझ्याकडे. एक अडकला तर दुसऱ्याने थांबायचं नाही, हेही साहेबांनी बजावलं.

नवव्या किलोमीटरला एक नाला रस्त्यावरून वाहत होता. भोईर पार गेला. मी मध्यावर पाय टेकवला तो दगड सरकला. गाडी उजवीकडे आडवी झाली आणि माझा पाय तिच्याखाली गेला. मी पाण्यात उताणा होतो. मान वर धरली तरच श्वास घेता येत होता.

भोईर परत आला. मी त्याला जा म्हणालो. तो म्हणाला, "गप पड." त्याने स्टँड काढला, गाडीकडे पाठ केली आणि मोजायला लागला. चारला गाडी उभी होती. मग त्याने मला ओढून रस्त्याच्या कडेला बसवलं.

"पाय?"

"टेकवत नाही."

"मग बस इथेच. देऊन येतो."

त्याच्याशी माझं बोलणं झालं ते एवढंच.

साहेब शोधपथक घेऊन माझ्यापर्यंत आले तेव्हा १०१५ झाले होते. मला जीपमध्ये घेतलं. थोडं वर चढल्यावर रेडिओ सेटवर पोस्टवाल्यांचा आवाज आला. "ग्यारह के ग्यारह बाहर. पोस्ट दब गई. ओव्हर." साहेबांनी भोईरचं विचारलं. उत्तर आलं की तो आदेश देऊन लगेच मागे फिरला.

पुढच्या वळणावर दरड रस्त्यावर आली होती. तिच्या कडेला भोईरची मोटरसायकल आडवी पडलेली, टाकीपर्यंत चिखल. तो नव्हता. एक जवान गाडी उचलायला पुढे झाला. साहेब म्हणाले, "रुको." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "इसकी ये उठाएगा."

घोट्याला पट्टी होती. मी स्टँड काढला, पाठ केली, खाली बसलो. आकडे कोणी मोजले नाहीत. गाडी उभी राहिली.

भोईर १४२० वाजता खालच्या घळीत सापडला.

माझ्यासाठी थांबला नसता तर तो त्या वळणाच्या पुढे निघून आला असता. हे मी त्याच्या पत्नीला, सुनंदा वहिनींना, बोलून दाखवायला बरीच वर्षं घेतली. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "थांबले नसते तर ते हे कसले, भावोजी?"

त्यांची मुलगी तन्वी भोईर गेला तेव्हा तीन वर्षांची होती. आता ती माजिवड्याला नोकरी करते. यंदा तिने स्वतःच्या पगारातून जड मोटरसायकल घेतली. वहिनींनी अट घातली की एकटीला उचलता आली तरच रस्त्यावर न्यायची. शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी ०६३० वाजता कल्याणला त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आम्ही जुनी गादी अंथरून तिच्यावर गाडी उजवीकडे आडवी केली. तन्वी आधी गाडीकडे तोंड करून हातांनी ओढत राहिली. गाडी हलली नाही. मग पाठ करून उचलली, पण स्टँड विसरली. गाडी पलीकडे गेली आणि आरसा फुटला. पहिल्या मजल्यावरून शेजारचे काका म्हणाले, "काय गं, चालवायला घेतलीस की लोळवायला?" वॉचमन धावत आला. वहिनींनी त्याला अडवलं.

"थांबा. तिची ती उचलेल."

सुभेदार साहेबांचा नियम भोईरने घरी कधी सांगितला होता का, हे मी विचारलं नाही.

गाडी पुन्हा उजवीकडे आडवी केली. या वेळी तन्वीने स्टँड आधी काढला. मी मोजलं. अकराला गाडी उभी राहिली. वहिनींनी पदराने सीटवरची धूळ पुसली.

तन्वी घामाघूम झाली होती. तिने विचारलं, "काका, बाबांना किती लागायचे?"

"चार."

"नेहमी?"

"नेहमी. पाण्यातसुद्धा."

तिने हात पुसले, हँडल धरलं आणि गाडी परत गादीवर आडवी केली.

"मोजा," ती म्हणाली.