वेणी कापल्याची चौकशी

मागच्या नोव्हेंबरात एका दुपारी माझी बायको ग्रोसरी घेऊन घरी आली, तेव्हा तिच्या पाठीवर वेणी नव्हती. केस मानेपर्यंत कापलेले. दुधाच्या पिशव्या फ्रिजमध्ये ठेवता ठेवता म्हणाली, “फार पातळ झाले होते हो. शिवाय टबचं ड्रेन तुंबतं. आणि या वयात आता कुणाला दाखवायचेत?”

एका गोष्टीची तीन कारणं. माझ्या मनात तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कबूल करतो. तीस वर्षं मी ओंटारियोतले पूल तपासायची नोकरी केली. पुलाखाली उभं राहून कुठे पाणी मुरतंय ते हुडकायचं आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळत होता. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही.

वयाबरोबर केस बदलतात हे मला कळत नव्हतं असं नाही. माझे स्वतःचे डोक्यावरून उठून कानांत आणि भुवयांत राहायला गेले आहेत. लग्नात तिची वेणी कमरेखाली रुळायची. पन्नाशीनंतर भांग रुंद होत गेला. साठीला तिने कलप सोडला तेव्हा जे पांढरे केस आले ते पूर्वीसारखे मऊ नव्हते. राठ, वाकडे, तेल लावूनही न बसणारे. वेणी करंगळीएवढी उरली. पण कॅनडातल्या आमच्या लंडनमध्ये चाळीस हिवाळे काढून, बरोबरीच्या सगळ्या मैत्रिणींनी केस कापल्यावरही, ती रोज सकाळी वेणी घालत होती. मग आताच काय झालं?

मी वॉशरूममध्ये जाऊन ड्रेनची जाळी काढून पाहिली. साफ होती. कचऱ्याचा डबा आठवडाभर रिकामा केलेला नव्हता. फणीतून निघालेले केस ती बोटाला गुंडाळून त्यात टाकते. ती गुंतवळं मी एकेक करून पाहिली, तर नेहमीएवढीच. म्हणजे केस काही जास्त गळत नव्हते.

आता मी घाबरलो. पंधरा वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ आली होती. मुलीची परीक्षा होईपर्यंत दोन महिने तिने मला पत्ता लागू दिला नव्हता. गाठ साधी निघाली, पण तेव्हापासून तिचं ‘काही नाही हो’ मी मानत नाही. केमोच्या आधी बायका केस बारीक कापून घेतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तेच डोक्यात घोळू लागलं.

मुलगी हॅलिफॅक्सला असते. तिला फोन लावला. “आईने केस कापलेत. तुला काही बोलली का?”

“बाबा, इट्स अ हेअरकट. रिलॅक्स.”

उत्तर जरा जास्तच चटकन आलं. दोघी सामील आहेत, अशी माझी खात्री झाली.

मग मी बायकोवर पाळत ठेवली. केस विंचरताना ती दार लावून घ्यायची. चहा कपबशीऐवजी मोठ्या मगमधून, तोही अर्धाच. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला साडी न नेसता पंजाबी ड्रेस घातला होता, तेही आठवलं. विंटर टायर्स लावायला गाडी घेऊन गेली त्या दिवशी तासभर उशिरा आली. मला प्रत्येक गोष्टीत आजारच दिसत होता.

“वजन उतरलंय का गं तुझं?” मी विचारलं.

“नाही. उलटतपासणी झाली असेल तर ही कोथिंबीर निवडा.”

शेवटी करू नये ते केलं. ती अंघोळीला गेल्यावर तिची पर्स पलंगावर उपडी केली. त्यात अपॉइंटमेंटची चिठ्ठी निघाली, ऑक्टोबरची, मेंदूच्या डॉक्टरांची. चिठ्ठी हातात असतानाच ती दारात येऊन उभी राहिली.

ती रागावली नाही. माझ्याशेजारी बसली आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती.

“कंप आहे. पार्किन्सन्स नाही, डॉक्टरांनी तपासलंय. वयाने होतो म्हणाले. पण हात डोक्यामागे नेले की फार हलतात. तीन पेड धरताच येत नाहीत. सहा महिने प्रयत्न केला.”

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मी चिडलो. “एवढंच होतं तर मला सांगायचं नाहीस? मी काय काय कल्पना करून बसलो होतो.”

“सांगितलं असतं, तर तुम्ही वेणी घालून दिली असती?”

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. शेहेचाळीस वर्षांत मी तिच्या हातातली फणी एकदाही घेतली नव्हती. काय म्हणालो असतो, ते मला स्पष्ट ऐकू आलं आणि लाज वाटली.

“‘मग कापून टाक ना’ म्हणालो असतो.”

“तेच तर,” ती म्हणाली. “ते तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला.”