बोटाभोवतीचा प्रकाश

प्रयोगशाळेत ऑप्टिकल फायबरची केसासारखी बारीक काचेची तार आवरताना मी ती नकळत बोटाभोवती गुंडाळली, आई गजऱ्याचा दोरा गुंडाळते तशी. वेढा फार लहान झाला आणि तारेतला लाल प्रकाश तिथून बाहेर झिरपू लागला. बोट लालसर दिसू लागलं.

"दोरा वाटला का गं तुला?" सर म्हणाले. "सैल सोड, सांडतोय सगळा."

वर्गात आम्ही याचंच समीकरण सोडवलं होतं. तार सरळ असली, तरी प्रकाश तिच्या आतल्या गाभ्याच्या कडेशी एकदम संपत नाही. बाहेर तो झपाट्याने कमी होत जातो, पण अगदी शून्य कुठेच होत नाही. घरापासून दूर शिकायला येणंही थोडं असंच असावं. मला नक्की सांगता येत नाही.

आई रोज फोनवर विचारते, "आज काय शिकलीस?" मी "गणित" म्हणते आणि मग दोघींनाही पुढे काही सुचत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी तिला बोटाचं सांगितलं.

"भाजलं नाही ना?"

"नाही गं. गार असतो तो प्रकाश."

"बरं," ती म्हणाली, "मग पुढचं सांग."