ब्रेक नसलेली सायकल आणि जपून बोलणारी माणसं

सायकलवाल्यांचे किस्से चेनच्या काळ्या डागासारखे असतात. लागतात कधी ते कळत नाही, घरी आल्यावर पोटरीवर दिसतात. आणि साबणाने जात नाहीत!

आमचा ग्रुप चौघांचा. पूर्वी पाच होतो. पार्ल्याचे कुलकर्णी काका, बँकेतून निवृत्त, वय सत्तर, पण चढावर आम्हाला मागे टाकणारे. घाटकोपरची नीलिमा, दातांची डॉक्टर. भांडुपचा दत्ता सावंत, मूळचा मालवणचा, आवाज लाऊडस्पीकरसारखा. आणि मी मेधा, शाळेत गणित शिकवते, वीस वर्षं रोडबाइक चालवते. पाचवा माझा नवरा, श्रीधर. कायम सगळ्यांच्या मागे आणि कायम खुशीत. दोन वर्षांपूर्वी तो गेला. दुपारची वेळ, घरीच, हार्ट अटॅक.

तीन महिन्यांनी मी पुन्हा सायकलवर बसले. लोकांना वाटतं, तेच अवघड असतं. तसं नव्हतं. अवघड हे झालं, की या तिघांनी मला टोमणे मारायचं बंद केलं. एकमेकांची इज्जत काढणं हीच तर आमची दोस्ती! ती मला परत हवी होती. पण "जरा माझी टर उडवा ना" असं कोणाला सांगणार?

*

एका रविवारी पवईजवळ काकांचं चाक बसलं. ट्यूब वॉल्व्हपाशीच फाटलेली.

"काय झालं काका?" नीलिमाने विचारलं.

"ट्यूब गे..." एवढं बोलून काका थांबले. माझ्याकडे बघितलं. चष्मा सारखा केला. मग हळू आवाजात म्हणाले, "ट्यूब आता आपल्यात राहिली नाही."

मला हसू फुटणार होतं. पण तिघांचे चेहरे इतके गंभीर होते, की मी ट्यूबसाठी दोन मिनिटं शांतता पाळली!

*

दत्ताचं तर वेगळंच. पूर्वी मी चढावर मागे पडले, की त्याची आरोळी आख्ख्या रस्त्याला ऐकू जायची, "अगो मास्तरणी, पाय आसत काय लोणच्याच्या फोडी?"

आता तो माझ्या बाजूला यायचा आणि विचारायचा, "मॅडम, दमलात का? थांबूया?"

मॅडम! दमलात!

शेवटी मी म्हटलं, "दत्ता, तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

"माझी बरी आहे. तुमची?"

*

मग मी फिक्सी घ्यायची ठरवली. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. फिक्सी म्हणजे एकच गिअर, आणि पेडल चाकाला जखडलेलं. चाक फिरतंय तोवर पाय फिरवायचेच. वेग कमी करायचा तर तोही पायांनीच, पेडल मागे रेटून. माझ्या सायकलवर उतार लागला की पाय थांबतात. पाय थांबले की मागून श्रीधरच्या चाकाची टिकटिक येत नाही, हे लक्षात येतं. फिक्सीवर थांबायची सोयच नाही.

बोरिवलीतल्या एका जुन्या फिक्सीची जाहिरात दिसली. मी तिचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "त्रेपन्नाव्या वर्षी ही घेतेय!" आता पडेल शिव्यांचा पाऊस, म्हणून मोबाइल हातात घेऊन बसले.

नीलिमा : "छान निर्णय."

काका : जोडलेले हात.

दत्ता : "तुम्हाला योग्य वाटेल ते."

डोकं फिरलंय का, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही!

*

सायकल बघायला मी दत्ताला घेऊन गेले. विकणारा मुलगा तिशीतला, दाढीवाला, नाव अद्वैत.

"आंटी, मुलासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

त्याने एकदा मला बघितलं, एकदा दत्ताला. मग प्रेमाने समजवायला लागला, "ही नॉर्मल सायकल नसते हां आंटी. हिला गिअर नसतात. गिअर म्हणजे कसं..."

तोवर मी सायकल उलटी केली होती. चेन ओढून बघितली, मागचं चाक फिरवलं, फ्रेमच्या प्रत्येक सांध्यावरून नख फिरवलं. म्हटलं, "पेडलचं बेअरिंग घासलंय. पुढचा फोर्क ओरिजिनल नाही. कुठे आपटली होतीस रे?"

"दहिसर चेकनाक्याला... मॅडम."

एका मिनिटात आंटीची मॅडम झाले!

का विकतोस, विचारलं, तर म्हणाला, "लग्न ठरलंय. ती म्हणते, ज्याला मध्येच थांबता येत नाही, त्याच्याशी मी संसार करणार नाही."

*

आता भाव. दत्ताला मी त्याच्यासाठीच नेलं होतं. हा माणूस घासाघीस करायला लागला की दुकानदार कंटाळून शटर ओढतात. पण त्या दिवशी भांडण नाही, तंडण नाही. अद्वैतच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाल्कनीत घेऊन गेला. दोन मिनिटांनी अद्वैत आत आला तो डोळे पुसत. भाव एकदम अर्ध्यावर आणला, वर हेल्मेट दिलं, कुलूप दिलं आणि वाकून मला नमस्कार केला!

लिफ्टमध्ये मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

दत्ता लिफ्टच्या बटणांकडे बघत म्हणाला, "काय नाय. खरं तेच."

मी लिफ्ट पुन्हा वर नेली आणि पूर्ण भाव मोजून आले. श्रीधरच्या नावावर डिस्काउंट? तो चिडला असता. छे, चिडला कसला, खूश झाला असता! म्हणून तर मला देणं भाग होतं. दोघांतली लाज बाळगायचं काम पहिल्यापासून माझंच.

*

पहिली फेरी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये. वळणावर सवयीने पाय थांबवले. सायकलने मला सीटवरच असं उसळवलं, की मी बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली, पाय गरगर फिरतायत, तोंडाने "अरे, अरे, अरे!"

वॉचमन खुर्चीवरून उठला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, आप सायकल नहीं चला रहे हो. सायकल आपको चला रही है!"

*

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला युसुफभाईंकडे गेले. आमच्या सगळ्यांच्या सायकली तेच बघतात. म्हटलं, पुढे एक ब्रेक लावून द्या.

त्यांनी फिक्सीभोवती एक चक्कर मारली. "गिअर नाही, ब्रेक नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. मॅडम, चोरीला जाऊन उरलेली घेतलीत काय?"

बऱ्याच दिवसांनी सायकलवाल्यांपैकी कोणीतरी माझी टर उडवत होतं. मी त्यांना दोन चहा पाजले.

*

आणि मग तो रविवार. आरे कॉलनीच्या उतारावर ते तिघं पाय थांबवून मजेत निघाले आणि माझे पाय शिलाई मशीनसारखे. धडधड, धडधड! वाऱ्याने डोळ्यांत पाणी, मांड्यांत आग, डोक्यात एक विचार नाही. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

उतार संपला की एका तबेल्यासमोर आमची चहाची टपरी. बाकीचे थांबले. मीही ब्रेक दाबला आणि नेहमीसारखा पेडलच्या पट्ट्यातून पाय काढायला गेले. पण पेडल फिरतच होतं. पाय निघाला नाही, सायकल थांबली आणि मी तिच्यासकट अगदी सावकाश, एखादं झाड कलावं तशी, डावीकडे आडवी झाले. डावीकडे तबेल्यातल्या शेणाचा ढीग होता. ताजा.

कानापर्यंत गेले!

तिघं धावत आले. काकांच्या हातात चहाचा ग्लास तसाच.

"लागलं का गं?" नीलिमाने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

पुन्हा तेच जपून ठेवलेले चेहरे. दत्ताचा तर लालबुंद झालेला. ओठ आवळून धरलेले, खांदे हलतायत, नाकातून कसलासा आवाज येतोय. आणि एकदम बांध फुटला.

"सुटलो गो बाय, आमचो श्रीधर सुटलो! आज आसतो तर ह्या सगळा तेकाच धुवूक लागला आसता!"

तबेल्यातल्या म्हशींनीसुद्धा माना वळवल्या. नीलिमाने दत्ताच्या दंडाला करकचून चिमटा काढला. काकांचा ग्लास ओठांपाशी अडकला. दत्ताचा चेहरा खर्रकन उतरला. आपण काय बोलून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं असावं.

मी शेणात पडल्या पडल्या हसायला लागले. इतकी हसले, की बरगड्या दुखायला लागल्या. आधी काका हसले, मग नीलिमा.

"हात दे," मी दत्ताला म्हटलं आणि माझा हात वर केला.

त्याने त्या हाताकडे बघितलं, आणि स्वतःचा मागे घेतला.

"आदी पूस तो!"