लगडीतला वाटा

माझं मंगळसूत्र गेलं ते भर दुपारी. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आम्ही तळमजल्यावर राहायचो आणि मी घरीच साड्यांना फॉल-पिको करून द्यायचे. एका गिऱ्हाइकाच्या साड्या पोचवून परत येत होते. मागून मोटरसायकल आली, जवळ येऊन मंद झाली. मागे बसलेल्या मुलाने पत्ता विचारायला तोंड उघडलं असं वाटलं म्हणून मी वळले, आणि मानेला चटका बसला. गाडी कोपऱ्यावरून नाहीशी झाली. रस्त्यावर काळे मणी सांडले होते. ते मी वाकून वेचत बसले. गाडीचा नंबर बघायचं सुचलंही नाही.

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "किती तोळ्याचं होतं?"

"अडीच," मी म्हणाले.

लग्नात सासऱ्यांनी घेतलं तेव्हाच्या पावतीवर तेच वजन होतं. पंचवीस ग्रॅम. ते वजन मण्यांसकट होतं, वाट्यांच्या आत भरलेल्या लाखेसकट होतं, हे मला तेव्हा आठवलं नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण अडीच म्हणताना माझ्या मुठीत ते वेचलेले मणी होते आणि मूठ मी उघडली नव्हती. हवालदाराने लिहिलं, मी सही केली.

पुढचे काही महिने काहीच झालं नाही. मग निरोप आला की दोन मुलं सापडली. त्यांनी माल दुसऱ्या गावी एकाला विकला होता आणि त्याने तो त्याच दिवशी आटवून टाकला होता. हाती आली ती सोन्याची एक लगड. मुलांनी ज्या चोऱ्या कबूल केल्या, त्यांतल्या तिघींचं सोनं त्या एका लगडीत होतं. कोर्टाने हुकूम दिला, की फिर्यादीत जिने जेवढं वजन लिहिलंय त्या प्रमाणात लगड वाटून द्यावी.

ठाण्यात बाकावर आम्ही तिघी शेजारी बसलो. माझ्या डावीकडे मालेगावची एक बाई होती, माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याचे यंत्रमाग होते, चार की सहा. ती नाशिकला नणदेला दवाखान्यात बघायला आली होती आणि बसस्टँडवर तिची साखळी गेली. साखळी दीड तोळ्याची, तिच्या आईच्या बांगड्या मोडून केलेली, पावती अजून घरात आहे, हे तिने मला पाचच मिनिटांत सांगितलं. तिच्या पलीकडे हरसूलकडची एक म्हातारी होती. तिच्या गळ्यातलं डोरलं गेलं होतं. तिला वजन सांगता आलं नव्हतं. ती म्हणाली होती, "मला काय ठावं, माझे आयचा व्हता." तेव्हा कोणीतरी अंदाजाने अर्धा तोळा लिहून टाकलं होतं.

पोलिसांनी बोलावलेल्या सराफाने लगड काट्यावर ठेवली. तिघींचं लिहिलेलं वजन पंचेचाळीस ग्रॅम होत होतं, लगड भरली छत्तीस. त्याने छिन्नीने तिचे तीन भाग केले. मला वीस ग्रॅम आले, मालेगावच्या बाईला बारा, म्हातारीला चार. म्हातारीने तो तुकडा तळहातावर धरून बराच वेळ पाहिला आणि लुगड्याच्या गाठीत बांधला. मालेगावची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मिला वही बहोत है, भाभी." मीही मान हलवली. त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता. नवऱ्याने पेढे आणले.

गळ्यात पुन्हा सोनं घालायची माझी हिंमत नव्हती. आम्ही ठरवलं, की तुकडा मोडीत द्यायचा आणि इंटरलॉकचं मशीन घ्यायचं. सराफ बाजारातल्या ज्या दुकानात मी पूर्वी मंगळसूत्र गुंफून घ्यायला नेलं होतं, तिथेच गेले. दुकानदार वयस्कर होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी आधी कोर्टाचा कागद पाहिला. मग तुकडा काट्यावर ठेवला, वीस ग्रॅम बरोबर भरले. मग काळ्या दगडावर त्याची एक रेघ ओढली, शेजारी त्यांच्या सळयांच्या दोन-तीन रेघा ओढल्या, वर तेजाबाचा थेंब सोडला आणि डोळे बारीक करून पाहत राहिले.

"पंच्याऐंशी टंच आहे," ते म्हणाले. "म्हणजे शंभरात पंच्याऐंशी भाग सोनं. वीस ग्रॅममध्ये सतरा ग्रॅम शुद्ध. भाव त्या सतराचा मिळेल."

मला ते कमी वाटलं. मी म्हणाले, "माझं तर अडीच तोळ्याचं होतं."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "ताई, ते मी इथे गुंफलंय. मणी वेगळे करून वजन केलं होतं, वाट्यांतली लाख धरली होती. सोनं अठरा ग्रॅमच्या आसपास होतं. आणि तेही हलकं. तेव्हा मी तुम्हाला टंच सांगितला नाही, एवढंच म्हणालो होतो, की मोडीत काढू नका, हातात कमी येईल. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या वर त्याचा टंच नव्हता. त्यात शुद्ध सोनं चौदा ग्रॅम धरा."

"मग सतरा कसे आले?"

"दुसऱ्या कोणाचं तरी चांगलं सोनं यात मिसळलंय. आटवल्यावर सगळं एक होतं. तुमचं हलकं त्यांच्या वाट्याला गेलं, त्यांचं भारी तुमच्या." ते हे सगळं हिशेब सांगावा तसं सांगत होते. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "शिवाय कागदावरून लगड मुळात कमीच मिळालेली दिसते. म्हणजे तुमच्या चौदातही घट यायला हवी होती. विकायचंय ना? पावती करतो."

मी म्हणाले, आज नको. तुकडा पर्समध्ये टाकून मी बाहेर आले आणि गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. अडीच तोळे हा आकडा मी तोंडाने उच्चारला होता. त्या एका आकड्यावर छिन्नी चालली होती. शेजारी बसलेल्या बाईच्या आईच्या बांगड्यांचं सोनं माझ्या पर्समध्ये होतं, आणि तिच्या घरच्या तुकड्यात माझ्या वाट्यांचं हलकं सोनं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो सातपूरच्या कंपनीतून दमून आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "कोर्टाने दिलंय ते. आपण काय चोरलंय? आपलीच वस्तू गेली होती."

"वजन मी जास्त सांगितलं."

"पावतीवर होतं ते सांगितलंस."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, त्यामुळे माझी आणखीच पंचाईत झाली. दुसऱ्या आठवड्यात मी ठाण्यात गेले. तेच हवालदार होते. त्यांनी ऐकून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, फाइल बंद झाली. आता तुम्ही म्हणणार, फिर्यादीतलं वजन चुकीचं होतं. मग ते आधी का नाही सांगितलं, असं साहेब विचारतील. कशाला स्वतःहून त्रास ओढवून घेता? घरी जा."

मी घाबरले आणि घरी गेले. तुकडा कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला. पावसाळा गेला, दिवाळी आली. मशीनचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. पिको करताना पाय मशीनवर चालत असायचा आणि मनात ती बाई यायची. "मिला वही बहोत है" म्हणताना तिने ओढणी सारखी केली होती, तेवढंच सारखं दिसायचं. रागावली असती तर बरं झालं असतं असं वाटायचं.

दिवाळीनंतर मी बाजारातल्या त्याच सराफांकडून, घटीसकट हिशेब करून, तुकड्यातले जास्तीचे पाच ग्रॅम तोडून घेतले आणि एसटीने मालेगावला गेले. कोर्टाच्या कागदावर तिघींचे पत्ते होते. नवऱ्याला सांगितलं, माहेरच्या ओळखीत लग्न आहे. हेही खोटंच.

मोहल्ल्यात शिरल्यापासून मागांचा खडखडाट चालू होता. घर सापडलं. ती दारातच गव्हातले खडे काढत बसली होती. तिने मला ओळखलं, आत नेलं, पाणी दिलं. मागांच्या आवाजामुळे मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं. आपली चूक एवढ्या मोठ्या आवाजात सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मणी, लाख, टंच, सगळं सांगितलं आणि कागदाची पुडी तिच्यासमोर ठेवली.

तिने पुडी उचलली नाही. "आमचा तुकडा विकला आम्ही," ती म्हणाली. "सोनार बोलला, माल हलका आहे. मेरे मियाँ बोले, तुम्हारी अम्मी को किसीने ठग लिया होगा. अम्मी तो रही नहीं. मैं भी चुप रही." मग तिने विचारलं, "उस दिन क्यूँ नहीं बोली आप?"

"माहीत नव्हतं," मी म्हणाले. मग म्हणाले, "मणी माहीत होते. टंच माहीत नव्हता."

 मला वाटलं होतं, ती एकतर रागावेल नाहीतर नको म्हणेल. तिने तसं काहीच केलं नाही. तिने पुडी उघडली, तुकडा हातात वजन केल्यासारखा हलवला आणि विचारलं, "और वो बुढ्ढी?"

मला एकदम कळलं नाही कोण ते.

"हरसूलवाली. त्यांना तर वजनसुद्धा नाही सांगता आलं. डोरलं होतं, भाभी. आधा तोला का डोरलं कुठे असतं? उनका तो सबसे ज्यादा गया."

मी एवढे महिने झुरत होते ते फक्त या बाईसाठी. म्हातारी त्याच बाकावर होती, तिचा तुकडा सगळ्यांत लहान होता, मी तो डोळ्यांनी पाहिला होता, आणि ती माझ्या हिशेबात आलीच नव्हती. माझ्याशी जी बोलली तिचंच मला वाईट वाटलं होतं. मालेगावच्या त्या खोलीत मला जेवढी लाज वाटली तेवढी सराफाच्या दुकानातही वाटली नव्हती.

शेजारच्या सोनाराकडून तिने पुडीतल्या तुकड्याचे दोन भाग करून घेतले. मोठा भाग माझ्या हातात दिला. "हे त्यांना द्या. माझ्यासाठी हे पुरे." मग जेवून जा म्हणाली. मी जेवले. निरोप घेताना तिने मला मिठी वगैरे मारली नाही, पण बसपर्यंत मुलाला सोबत पाठवलं.

हरसूलला मी बाजाराच्या दिवशी गेले. म्हातारीचा पाडा गावापासून बराच आत होता. बाजार करून परत निघालेल्या बायकांबरोबर चालत गेले. भात कापून झालं होतं. म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. तिच्या मुलाचं कुटुंब द्राक्षांच्या कामाला निफाडकडे गेलं होतं, ती आणि एक नातच घरी होत्या. तिने मला ओळखलं नाही. ठाण्याचं सांगितल्यावर हसली आणि गळ्याला हात लावला.

तिच्या गळ्यात काळ्या मण्यांचा सर होता आणि त्यात तो चार ग्रॅमचा तुकडा होता. ठोकून चपटा केलेला, वर एक भोक पाडलेलं. "सोनार डोरल्याची घडणावळ लय सांगं," ती म्हणाली. "मंग असाच घालून दे म्हनलं."

मी पुडी उघडून दिली. मणी, लाख, टंच यांतलं काही माझ्या तोंडून निघालं नाही. एवढंच म्हणाले, की वाटताना चूक झाली होती, हे तुमचं राहिलं होतं.

तिने तुकडा उन्हात धरला. "हे माझे आयचाच हाय का?"

मालेगावला मी खरं बोलले होते. इथेही खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं, की त्यात तिघींचं सोनं आहे, कुठलं कोणाचं ते आता देवालाही वेगळं करता येणार नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले.

"मंग बरा झाला," ती म्हणाली. नातीला तिने चहा ठेवायला सांगितला. गुळाचा, बिनदुधाचा. तो मी संपवला.

उरलेला तुकडा मी त्या हिवाळ्यात मोडला. सराफांनी काटा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "बघून घ्या." मी म्हणाले, तुम्ही बघितलं तेच बरोबर. ते थांबून राहिले. गिऱ्हाइकाने स्वतः पाहिल्याशिवाय ते वजन लिहीत नसत. शेवटी मी पुढे झुकले, काट्यावरचा आकडा वाचला आणि तो मोठ्याने म्हणाले. मग त्यांनी तो लिहून घेतला.