छत आधी साहेबांच्या डोक्यावर

"इंजिनिअर साहेबानं शेवंताआक्काचं घर पाडलं म्हणं! आन् बाळंतपणाला आलेली हिरा..."

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघरीत गेलं. बोलणाऱ्या दोघी पिठाचे डबे उचलून चालत्याही झाल्या. माझी ज्वारी नुकतीच वर ओतलेली. दळण टाकून पळायचं कसं? मी तिथंच उभी!

शेवंताआक्का आमच्या आळीतली, पण मी आठ दिवस माहेरी होते आणि तिथली ज्वारी घेऊन थेट गिरणीत उतरलेली. नवरा मागेच गेला. एकुलती लेक हिरा, पहिलटकरीण, दिवस भरलेले. घराच्या मधल्या तुळईला वाळवी लागलेली. "पयलं बाळंतपण म्हायेरीच, आन् माज्याच घरात," हा आक्काचा हट्ट. दुसऱ्याच्या दारात लेक बाळंत होणं म्हणजे तिला मरणच.

आणि पोतदार साहेब म्हणजे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या कोरेगावात राहायला आले आणि ज्याचं घर खचलंय, ज्याच्यामागे करणारं कोणी नाही, त्याचं काम फुकट करायला लागले. त्यांचे किस्से आमच्या आळीत गिरणीतल्या पिठासारखे. कितीही झाडा, कुठंतरी चिकटून राहतातच. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकल्याशिवाय जेवण जात नाही.

त्या दिवशी जातं फिरत होतं तसं माझं डोकंही फिरत होतं.

*

साहेबांची पहिली ओळख आमच्याच स्वयंपाकघरात झाली. मी भाकरी थापतेय आणि हा पांढऱ्या मिशांचा माणूस न विचारता आत! खिशातून ओळंबा काढला, दोरी भिंतीला धरून खाली सोडली.

"वहिनी, तुमची भिंत चार बोटं बाहेर गेलीय."

आमचे हे जेवत होते. ते म्हणाले, "लग्न झाल्यापास्नं तशीच हाय."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"बावीस."

"मग आता पडायला हरकत नाही!"

ह्यांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकू लागला.

*

माईंचं, म्हणजे साहेबांच्या बायकोचं, ऐका. त्यांच्या न्हाणीघराचा नळ महिनाभर गळत होता. तोंडी सांगून थकल्या. शेवटी चिडून कागदावर रीतसर अर्ज लिहिला. खाली सही : 'अर्जदार, आपली पत्नी.'

साहेबांनी चष्मा लावला, अर्ज वाचला, त्यावर लाल पेन्सिलीनं शेरा मारला आणि परत दिला.

'मागणी रास्त. गरजूंची कामे संपल्यावर घ्यावी.'

मी तो कागद डोळ्यांनी पाहिलाय! माईंनी तो देवघरात लावलाय. म्हणाल्या, "रोज हात जोडते. कधीतरी पावेल."

*

देवावरून आठवलं. आमच्याकडे घराला हात लावायच्या आधी देवाला कौल लावतात. मूर्तीला फूल चिकटवायचं. उजवीकडून पडलं तर होकार, डावीकडून पडलं तर नकार. एका रिटायर सुभेदाराची पडवी काढायची होती, पण आठ दिवस फूल पडेचना! सुभेदार म्हणाले, "वरनं ऑर्डर न्हाई, काम न्हाई."

साहेब तडक देवळात. गाभाऱ्याची भिंत हातानं चाचपली, बोटं नाकाशी नेली. आम्ही बाया दारात तोंडाला पदर लावून. आता काय ऐकावं लागतंय!

"देवाचा नकार नाही. मागची मोरी तुंबलीय, सगळ्या गाभाऱ्याला ओल आहे. फूल पडेल कसं?"

मोरी मोकळी केली, चार दिवस ऊन आत घेतलं. पाचव्या दिवशी फूल टपकन उजवीकडून पडलं.

गुरवानं कपाळावर हात मारला. "म्हंजी देव गप नव्हता, गारठला हुता!"

*

पण सगळ्यात जास्त धसका साहेबांच्या एका रिवाजाचा. छत झालं की घरच्यांनी लगेच आत जायचं नाही. आधी वर डझनभर माणसं चढवायची आणि खाली, बरोबर तुळईखाली, साहेब स्वतः पाट टाकून चहा घेत बसणार. "मी बांधलंय, आधी माझ्या डोक्यावर," असं म्हणायचे.

माण तालुक्यातून आलेल्या तातोबा धनगराच्या घरी वर चढायला माणसंच मिळेनात. त्याचं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर मागं उताराला टेकलेलं. त्यानं मागच्या बाजूनं मेंढरंच छतावर घातली! खाली चहात माती पडतेय, वर बें बें चाललंय.

साहेब ओरडले, "तातोबा, किती आहेत?"

"बावीस, सायेब! एक गाभण हाय, तेवीस धरा!"

*

दळण झालं. कढत पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मी पळतच आळीत आले आणि साहेबांच्या दारात थबकले.

पाडलं होतं, खरंच पाडलं होतं. पण आक्काचं नाही, साहेबांचं! त्यांची पडवी जमीनदोस्त. तिची सागवानी तुळई काढून आक्काच्या घरावर चढवलेली. माई उन्हात खुर्ची टाकून शांतपणे तांदूळ निवडत होत्या.

"माई, आवं हे काय?"

"बाजारात एवढी लांब तुळई मिळेना. आणि हिराचे दिवस काही थांबायचे नाहीत."

मी आक्काच्या अंगणात गेले. छतावर बारा बाप्ये रांगेत उभे, दारात शिडी, आत तुळईखाली साहेब चहा घेत बसलेले. आणि बाहेर हिरा दाराची चौकट धरून कळा देत होती!

"सायेब, उठा की आता!" आक्का.

"पाच मिनिटं, आक्का. तोवर कोणी आत नाही."

"पोराला काय तुमचं घड्याळ कळतंय व्हय?"

हिरानं ओठ चावला आणि सुईणीचा हात धरून सरळ आत पाऊल टाकलं. "काका, सरका."

साहेबांच्या हातातली कपबशी फुटली. टेस्ट अर्धवट टाकून ते बाहेर पळाले आणि वर बघून ओरडले, "उतरा रे सगळे!"

बाप्ये शिडीकडं वळले तशी वरून भसाभस माती पडली. आतून सुईण कडाडली, "हिकडं माती पडतीय! आन् शिडी दारात हाय. कोन बाप्या दारात उतरतोय बगतीच!"

साहेबांचं तोंड चुन्यासारखं झालं. "हलू नका," ते एवढंच म्हणाले. "कोणीच हलू नका."

छताखाली हिरा, आणि साहेब बाहेर. असं कधीच झालं नव्हतं. अंगणात उकिडवे बसून, डोळ्याची पापणी न लववता ते दारातून त्या तुळईकडं बघत राहिले. वर बारा माणसं उन्हात खांबासारखी. कोणी तंबाखूसुद्धा मळली नाही. पाच मिनिटांची टेस्ट, ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी चाललेली!

मग आतून रडणं आलं. बारीक, पण खणखणीत.

साहेबांनी तेव्हा कुठं तुळईवरची नजर काढली.

आक्का पदरानं हात पुसत बाहेर आली. शिडी दारातून काढून बाजूच्या भिंतीला लावली आणि वर बघितलं.

"उतरा आता," ती म्हणाली. "पन दमानं रं. लेकरू निजलंय."