हात पाठीमागे

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून मी एरवी काय लपवलंय?

नव्वदच्या दशकात सातपूरच्या एका शाळेत मी गणित शिकवायची. माझ्या हातात छडी कधी कोणी पाहिली नाही. गरजच काय? पाढा ज्याला आला, त्याने न आलेल्यांच्या थोबाडीत मारायची — ही माझी पद्धत. वर्ग कसा चिडीचूप! हेडमास्तर खूश, मीही खूश. वर्गातल्या थपडेचा सूड मात्र शाळा सुटल्यावर रस्त्यात घेतला जायचा. एकाचं डोकंही फुटलं. माझ्या तासाला मागचे बाक रिकामे राहायचे. मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

मग सातवीत सुमन आली. पेठ तालुक्याकडची, बाप इथे कंपनीत शिफ्टला. पहिल्याच आठवड्यात तिने एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हटला — आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी नाय मारणार, बाई."

मी तिच्याच थोबाडीत दिली. पुन्हा मार म्हटलं. "नाय मारणार." आणखी एक दिली — गालावर बोटं उमटली. ती रडलीसुद्धा नाही. मग ज्याच्या थपडेला सगळे टरकायचे, त्या दांडगोबाला मी उभं केलं. पाढा बिनचूक — आणि हात पाठीमागे! मग त्याच्या शेजारचा. मग पुढची मुलगी. पाढे खडाखडा, हात पाठीमागे. अख्ख्या वर्गात मला मारायला एक हात मिळेना! काय ताठ उभी होती पोरं... मी सपशेल हरले होते, आणि — खरं सांगू? — ऊर भरून आला माझा.

ती पद्धत त्या दिवशी संपली. महिन्याभरात मागचे बाक भरले. शाळा सुटल्यावरच्या मारामाऱ्या थांबल्या. धाकटी पोरंसुद्धा एकेकटी, गाणी म्हणत घरी जायला लागली. जिंकली, सुमन जिंकली!

आणि मी? वर्ग एवढा कसा बदलला, असं हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मीच बंद केलं ते, सर." शिक्षक दिनाला माझा सत्कार झाला. "मुलांवर हात उगारणं मला कधी पटलंच नाही," असं मी माईकवरून ठणकावून सांगितलं.

पुढच्याच रांगेत सुमन बसली होती. मनापासून टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे पाहिलं, खांद्यावरची शाल सावरली, आणि भाषण पुढे चालू ठेवलं.