वडीगोद्रीचा बाद केलेला घाणा

"वडीगोद्रीला कोण जातं हो फिरायला?" बायकोने विचारलं. फिरायला कसलं, नाक घासायला चाललोय, हे सांगायची लाज वाटली.

चार वर्षांपूर्वी तिथे हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझा कॉलेजचा मित्र मुरली कॉफी भाजायचो. चिकमगळूरहून हिरव्या बिया आणायच्या, ड्रममध्ये घाणा टाकायचा आणि कान लावून बसायचं. बी तडकल्याचा आवाज मुरली इतका मन लावून ऐकायचा की मी श्वासही हळूच घ्यायचो. पुढे आमचं भांडण झालं. मी पुण्याला येऊन कॉफीचं दुकान टाकलं, गिऱ्हाईकंही माझ्यामागे आली. आता तीच विचारतात, "पहिली चव कुठे गेली?" मुरलीला आणलं नाही तर माझ्या दुकानाला टाळं लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तुम्ही जाणार असाल तर शिवाजीनगरहून पहाटेची औरंगाबाद एसटी घ्या, तिथून बीडची. बीडच्या गाडीत बसायला मिळेल या भ्रमात राहू नका. मी सगळा रस्ता दांडीला लोंबकळत गेलो. वडीगोद्रीच्या स्टॉपवर पाच रुपयांत गरम भजी मिळतात, एकदम झकास. चहा मात्र नुसता साखरेचा पाक.

शेड दिसायच्या आधीच ठसका लागला. दारात बायका डबे घेऊन बसलेल्या, आणि मुरली आमच्याच ड्रममध्ये मसाल्याच्या मिरच्या भाजत होता!

माझं टाळकंच फिरलं. आमचं भांडण याच्यावरूनच तर झालं होतं. एके दिवशी शेडमध्ये शिरलो तर सगळीकडे मिरचीचा खकाणा. शेजारच्या लग्नाच्या मिरच्या याने ड्रममध्ये भाजल्या, असं धरून मी ताजा घाणा बाद केला, नको नको ते बोललो आणि निघून आलो. मिरची एकदा ड्रमला लागली की त्यातली कॉफी गेलीच म्हणून समजा.

"शेवटी मिरचीच ना!" मी म्हणालो. आल्या आल्या कशाला बोललो कुणास ठाऊक.

"आता टाकून राह्यलो ड्रममदी," मुरली शांतपणे म्हणाला. "त्या दिवशी न्हाई. तवा मागं चुलीवर, कढईत भाजल्त्या."

"मग सांगायचं नाही का?"

"तू ऐकायला थांबला कुठं? वरून समद्यांना सांगत सुटला, मुरलीच्या कॉफीला तिखटाचा वास मारतो म्हणून. मंग कोण घेणार माझी कॉफी?"

खरं होतं ते. गिऱ्हाईकं माझ्यामागे आपोआप आली नव्हती.

वहिनींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. समोरच्या भिंतीवर माझ्याच हाताने रंगवलेली ओळ होती: चाखल्याशिवाय घाणा बाद करायचा नाही. तरी निर्लज्जासारखं विचारलंच, "पुण्याला येतोस? निम्मा धंदा तुझा."

"बिलकुल न्हाई." आतून त्याने एक बंद पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. "त्या दिवशीच्या घाण्यातलं हाये. आता तरी चाख."

पुण्याला पोचल्या पोचल्या पाकीट फोडलं, बिया दळल्या, कॉफी केली. शिळी, मेलेली, वास पार उडालेला. पण मिरचीची झणझण चार वर्षांत कुठे जात नाही. मी घोट जिभेवर घोळवत राहिलो.

"काय शोधताय एवढं?" बायकोने विचारलं.

"तिखट."

कप रिकामा झाला तरी सापडलं नाही.